पोटातला मुका मार

मराठी भाषेतील काही शब्दप्रयोगांत एखाद्या अनुभवी वैद्याचे शहाणपण साठविलेले असते. ‘मुका मार’ हा त्यांतलाच एक. रक्त नाही, खोक नाही, हाड मोडल्याचा आवाज नाही. मार बसला खरा, पण तो बोलत नाही. आमचे सारे आयुष्य मराठी शिकविण्यात गेले, आणि ‘वाक्यात उपयोग करा’ म्हणून हा शब्द आम्ही शेकडो मुलांकडून लिहून घेतला. त्याचा खरा अर्थ मात्र आम्हांला आमच्याच शाळेतील एका चौदा वर्षांच्या मुलाने शिकविला. त्या शिकवणीची किंमत त्याने व त्याच्या आईवडिलांनी मोजली. म्हणूनच हा लेख लिहिणे आम्हांला आमचे कर्तव्य वाटते.

२०२३ च्या जुलै महिन्यातील ही गोष्ट. बेळगावचा पाऊस वाचकांना नव्याने सांगायला नको. आमच्या सरकारी शाळेत आठवीत शिकणारा हा मुलगा सकाळी सायकलवरून येत असता उतारावर त्याचे पुढचे चाक चिखलात घसरले, हँडल आडवे फिरले आणि त्याच्या मुठीचे टोक मुलाच्या पोटात, बेंबीच्या थोडे वर, जोराने बसले. सोबतची मुले त्याला हाताला धरून आमच्या खोलीत घेऊन आली. गुडघा खरचटला होता, त्यावर आम्ही औषध लावले. सदरा वर करून पाहिला, तर पोटावर रुपयाएवढा लालसर गोल वण. बाकी काही नाही. त्याला लिंबाचे सरबत दिले, दहा मिनिटे बाकावर बसविले, आणि “शूर मुले अशा पडण्याने रडत नाहीत,” असे म्हणून, पाठ थोपटून, वर्गात पाठविले. मुलगा शहाणा, तो रडला नाही. सायकलीचे हँडल वाकले म्हणून बोलणी बसतील या भीतीने घरी त्याने पडल्याचेच सांगितले नाही, आणि आम्हीही घरी निरोप धाडला नाही. या सर्व प्रकरणातील पहिली चूक आमची, हे येथेच नमूद करतो.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर पोट दुखू लागले. आजीने “बेंबी सरकली असेल” म्हणून तेल लावून पोट चोळले, ओव्याचे पाणी दिले. रात्री उलट्या सुरू झाल्या. वडील भातलावणीसाठी गावी गेले होते. आईने गल्लीतल्या दवाखान्यातून पित्ताच्या गोळ्या आणल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ती माउली रजेची चिठ्ठी घेऊन शाळेत आली आणि म्हणाली, “गुरुजी, रात्रभर वाकूनच बसलाय बघा. सरळ झोपायलाच येईना. पाठीतनंबी कळ येते म्हणतोय.” त्या क्षणी आम्हांला तो रुपयाएवढा वण आठवला. “बाई, परवा तो सायकलवरून पडला होता, पोटाला हँडल लागले होते,” एवढे वाक्य आम्ही उच्चारले, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला पाहिला. त्याच तासाला आम्ही उभयतांनी मुलाला मोठ्या इस्पितळात नेले. तेथील डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, “पोटाला मार लागला होता का?” दोन दिवस सर्वांनी औषधे दिली, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नव्हता, आणि उत्तर ज्यांना ठाऊक होते ते आम्ही शाळेत बसून होतो.

कोणता हा अवयव?

केस पेपरवर इंग्रजीत ‘पॅन्क्रियाज’ लिहिले होते, परिचारिका कन्नडमध्ये ‘मेदोजीरक ग्रंथी’ म्हणत होती, आणि मुलाची आई आम्हांला विचारीत होती, “म्हणजे नेमकं काय, गुरुजी?” परप्रांतात राहणाऱ्या मराठी घरांची ही नित्याची अडचण आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडे डॉक्टर यालाच ‘अग्न्याशय’ म्हणतील, हैदराबादेत तेलुगूत ‘क्लोमम्’ म्हणतील. बडोद्याच्या मंडळींची मात्र सोय आहे, कारण गुजरातीतही शब्द आपलाच आहे: स्वादुपिंड.

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यावर आडवे पसरलेले असते. मोठ्या माणसात त्याची लांबी सुमारे १५ ते २० सेंटिमीटर व वजन साधारण १०० ग्रॅम. हा एवढासा अवयव दोन कामे करतो. एक, इन्शुलिन रक्तात सोडून साखरेवर ताबा ठेवणे. दुसरे, रोज लिटर-दीड लिटर पाचकरस तयार करून तो एका बारीक नलिकेवाटे लहान आतड्याच्या आरंभी पोचविणे. हा रस मांस, चरबी, पिष्ट सारे पचवू शकतो. तो तयार होतो तेव्हा त्यातील तीव्र घटक निद्रिस्त असतात. आतड्यात पोचल्यावरच ते जागे होतात. चुलीतला निखारा चुलीतच राहावा, अशी ही निसर्गाची व्यवस्था.

मार बसतो तेव्हा हीच व्यवस्था मोडते. मुलांच्या पोटाची भिंत पातळ. सायकलीच्या हँडलचे टोक आत दाबले जाते, मागे पाठीचा कणा कठीण, आणि या दोहोंच्या मध्ये स्वादुपिंड पाट्यावरवंट्यात सापडल्यागत चेंगरते. मोटारीच्या चाकावर पोट आदळणे, बैलाची वा म्हशीची लाथ बसणे, यांनीही हेच घडू शकते. नलिका फाटली की पाचकरस जागच्या जागी सांडतो आणि आजूबाजूच्या चरबीला व खुद्द स्वादुपिंडालाच पचवू लागतो. हाच स्वादुपिंडाचा दाह, अर्थात पॅन्क्रियाटायटिस. या दुखण्याची नेहमीची कारणे म्हणजे पित्ताशयातील खडे व मद्यपान. मार लागून होणारा प्रकार त्या मानाने विरळा. विरळा असल्यामुळेच तो चटकन कोणाच्या ध्यानात येत नाही.

त्यातही एक मेख आहे. हा अवयव पोटाच्या पिशवीच्या मागे दडलेला असल्याने सांडलेला रस आरंभी पुढच्या बाजूला फारसा जाणवत नाही. रक्तातील अमायलेज हे द्रव्य तपासतात, पण मार लागल्यापासून पहिल्या काही तासांत तेही ठीक दिसू शकते. सी. टी. स्कॅनमध्येसुद्धा पहिल्या दिवशी इजा नजरेतून निसटू शकते. म्हणून “कालचा रिपोर्ट चांगला होता,” एवढ्यावर समाधान मानू नये. दुखणे टिकून असेल वा वाढत असेल, तर तपासणी पुन्हा करावी लागते. आमच्या मुलाच्या बाबतीत तिसऱ्या दिवशी अमायलेज कितीतरी पट वाढलेले होते, आणि स्कॅनमध्ये कण्यावरच्या भागात स्वादुपिंड चिरलेले दिसत होते.

कोणती वाट पाहावी, कोणती पाहू नये

डॉक्टरांनी आम्हांला सांगितले की, स्वादुपिंडाच्या इजेच्या पाच पायऱ्या मानतात आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न एकच असतो: मुख्य नलिका शाबूत आहे की फाटली? नुसता मुका मार व सूज असेल, तर विश्रांती व देखरेख यांवर बहुतेक बरे होतात. नलिका फाटल्याचे लवकर कळले, तर शस्त्रक्रिया करून शेपटाकडचा निकामी भाग काढणे, किंवा दुर्बिणीतून नलिकेत बारीक नळी बसविणे, असे उपाय त्या त्या रुग्णाप्रमाणे निवडता येतात. आमच्या मुलाचे तीन दिवस वाया गेले होते. दाह पसरला होता, डाव्या फुप्फुसाभोवती पाणी जमले होते, श्वास जलद झाला होता. अतिदक्षता विभागात त्याला प्राणवायू, सलाईन व वेदनाशामक औषधे सुरू झाली. असा बिघाड ४८ तासांहून अधिक टिकला की दुखणे ‘तीव्र’ या वर्गात मोडते. याचा टिकला.

आम्हांला वाटले, आता पोट उघडून सारे साफ करतील. तसे झाले नाही. मुलाच्या वडिलांचा धीर सुटला; “नुसते बघत का बसलेत?” असे ते आम्हांला पुनःपुन्हा विचारीत. याचे उत्तर समजून घेण्याजोगे आहे. पूर्वी अशा रुग्णांचे पोट लवकर उघडीत, आणि पुष्कळ रुग्ण शस्त्रक्रियेचाच आघात सोसू न शकल्याने दगावत. आरंभीच्या दिवसांत मेलेला व जिवंत भाग एकमेकांत मिसळलेले असतात. सुरी कोठे चालवावी हेच कळत नाही. चार आठवड्यांच्या सुमारास त्या भागाभोवती शरीर स्वतःच एक भिंत उभी करते. विरजण लावलेले भांडे हलवू नये, असे आपल्या घरच्या बायका सांगतात, तोच न्याय येथे लागतो.

पोषणाचेही असेच. एके काळी अशा रुग्णाला आठवडेच्या आठवडे तोंडाने वा नळीने काहीही देत नसत. पोटाला विश्रांती हवी, ही समजूत. आता उलट अनुभव आहे. आतडी रिकामी राहिली की त्यांची भिंत दुबळी होते आणि आतले जंतू बाहेर झिरपतात. म्हणून शक्य तितक्या लवकर अन्न सुरू करतात. रुग्णाला गिळून पचत नसेल तर नाकातून नळी घालून. त्या मुलाच्या नाकातून एक बारीक नळी लहान आतड्यापर्यंत पोचविली होती, आणि तिच्यातून थेंबाथेंबाने पातळ आहार चालू होता. आई म्हणे, “हे काय जेवण?” पण त्या थेंबांचे मोल औषधाहून उणे नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात, सारे स्थिरावते आहे असे वाटत असता, मुलाला हुडहुडी भरून ताप आला. स्वादुपिंडाच्या मेलेल्या भागात जंतूंनी घर केले होते. या दुखण्यातील हा दुसरा, आणि अधिक कपटी, हल्ला. पुष्कळांना वाटते की आधीपासूनच भारी प्रतिजैविके दिली असती तर हे टळले असते. तसे नाही. संसर्ग नसता आधीच दिलेल्या प्रतिजैविकांचा उपयोग दिसून येत नाही. उलट औषधाला न जुमानणारे जंतू व बुरशी मात्र माजतात. संसर्ग झाल्यावर ती द्यावी लागतातच, पण मेलेल्या भागाला रक्त पोचत नाही, आणि रक्ताचा पाट जेथे वाहत नाही तेथे औषध पुरेसे पोचणार कसे? म्हणून पुष्कळदा पू बाहेर काढण्यास वाट करून द्यावी लागते.

ती वाट आता पायरी-पायरीने करतात. आमच्या मुलाच्या डाव्या कुशीतून, यंत्राच्या पडद्यावर पाहत, एक नळी आत सरकविली. पू तपासणीला पाठवून जंतूला अनुरूप औषध निवडले. पहिली नळी अपुरी ठरली, तेव्हा तिच्याच वाटेने अधिक जाड नळी बसविली. त्यानेही न भागल्यास त्याच वाटेने छोट्या छेदातून मेलेला भाग काढतात, आणि पोट पूर्ण उघडणे हा शेवटचा उपाय. नेदरलँड्समधील डॉक्टरांनी ८८ रुग्णांवर या दोन पद्धतींची तुलना करून २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकदम पोट उघडलेल्या रुग्णांपैकी १०० त ६९ जणांना मोठी गुंतागुंत वा मृत्यू आला. पायरी-पायरीच्या पद्धतीत हे प्रमाण ४० वर आले, आणि त्यांतील १०० त ३५ जणांचे काम केवळ नळीवरच भागले. आमचा मुलगा त्या नळीवर भागलेल्यांच्या पंक्तीत बसला, हे त्याचे भाग्य.

तथापि एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर या विवेचनाचा कोणी उलटा अर्थ घेईल. मुक्या माराने आतडे फाटले असेल, तर तेथे वाट पाहणे नाही. तत्काळ शस्त्रक्रिया हाच मार्ग. १९८२ च्या जुलै महिन्यात बंगळूरला ‘कुली’ चित्रपटाच्या मारामारीचे चित्रीकरण चालू असता अमिताभ बच्चन यांच्या पोटाला मार बसून आतड्याला इजा झाली. बंगळुरात शस्त्रक्रिया, मग मुंबईला हलविणे, आणि देशभर चाललेल्या प्रार्थना आमच्या पिढीला स्मरतात. १९८३ मध्ये चित्रपट आला तेव्हा ते दृश्य क्षणभर पडद्यावर थांबवून दाखविले होते. एका धट्ट्याकट्ट्या पुरुषाची पोटाच्या माराने ती गत होते. मग कोवळ्या मुलाची काय कथा!

तात्पर्य, वाट पाहण्याचे दोन प्रकार आहेत. घरी बसून, “उतरेल आपोआप” म्हणत पाहिलेली वाट घातक. इस्पितळात, जाणत्या नजरेखाली, रोज मोजमाप करीत पाहिलेली वाट हा उपचार. पहिली आम्ही पाहिली, ती पाहायला नको होती. दुसरी पाहताना वडिलांचा धीर सुटत होता, पण तिनेच मूल वाचविले.

घरच्यांचे काम

सात आठवड्यांनी मुलगा कुशीतल्या नळीसह घरी आला. त्या काळात घरच्यांनी जे केले ते प्रत्येक घराला उपयोगी पडेल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आईने शाळेच्या एका वहीत रकाने आखले: तारीख, ताप, नळीतून आलेले पाणी किती मिलिलिटर, त्याचा रंग, जेवण, वजन. नळीची पिशवी कमरेच्या खाली राहील आणि नळीला पीळ पडणार नाही, याकडे लक्ष. ती धुण्याची रीत परिचारिकेकडून स्वतः करून शिकली. दोन खुणा तिला ठळक सांगितल्या होत्या. नळीतून लाल ताजे रक्त आले, तर ते थोडे असले तरी त्याच घटकेला इस्पितळ गाठायचे, कारण आतील रक्तवाहिनी पोखरली गेल्याची ती सूचना असू शकते. आणि वाहणे एकाएकी थांबून ताप वा दुखणे सुरू झाले, तर नळी तुंबली असे समजून लगेच डॉक्टरांना कळवायचे.

आहार थोडा थोडा, दिवसातून सहा वेळा: मऊ भात, वरणाचे पाणी, लोणी काढलेले ताक, शिजवलेल्या भाज्या, पुढे अंड्याचे पांढरे. तूप-तळण वर्ज्य. पाचकरस कमी पडत असल्याने डॉक्टरांनी पाचकद्रव्याच्या कॅप्सूल दिल्या होत्या. त्या जेवणाआधी वा नंतर नव्हे, तर जेवणाबरोबर घ्यायच्या असतात. मल तेलकट, फिकट व दुर्गंधी होऊ लागला आणि वजन घटू लागले, तर त्या पुरत नाहीत असे समजून डॉक्टरांना विचारावे. स्वादुपिंडाचा बराच भाग गेलेल्यांना पुढे मधुमेह जडू शकतो, म्हणून रक्तातील साखर वरचेवर तपासावी. ज्यांची प्लीहाही काढावी लागली असेल त्यांनी न्युमोनिया व मेंदूज्वराच्या प्रतिबंधक लसी चुकवू नयेत, आणि साधा तापही अंगावर काढू नये. मद्य व तंबाखू यांना अशा माणसाने जन्मभर दूर ठेवावे.

त्या वर्षी १९ सप्टेंबरला गणपती आले. आम्ही त्यांच्या घरी दर्शनाला गेलो, तेव्हा मुलगा पाटावर बसून मोदकाची उकडीची पारी तेवढी खात होता आणि खोबऱ्याचे सारण धाकट्या भावाच्या ताटलीत टाकीत होता. कोणी सांगितले नव्हते. त्याने आपले आपण ठरविले होते. दसऱ्याच्या आत नळी निघाली. दिवाळीनंतर तो शाळेत आला, हाडकुळा, पण हसत.

आमच्या शाळेत त्यानंतर एक नियम झाला आहे. मूल पडले, आपटले, कोणाची लाथ वा कोपर पोटाला लागले, तर ते वहीत टिपून त्याच दिवशी घरी कळवायचे. मुलांना आम्ही सांगतो: पोटदुखी वाढली, उलटी झाली, पाठीत कळ आली, वाकून बसल्यावर बरे वाटले, ताप आला, पोट फुगले किंवा चक्कर आली, तर आधी ‘पडलो होतो’ हे सांगायचे, सायकल मोडली तर मोडू दे. पालकांनाही हीच विनंती आहे. पोट चोळू नये, काढे देऊ नयेत, खाणेपिणे थांबवून मुलाला इस्पितळात न्यावे आणि मार कसा, कोठे, केव्हा बसला, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. माराची खूण पोटावर लहान असली तरी सांगावी. हँडलच्या टोकाची खूण लहानच असते.

आणि शूर मुले रडत नाहीत, हे वाक्य आम्ही त्यानंतर कोणत्याही मुलाला ऐकविलेले नाही. मार मुका असतो. निदान मुलाला तरी आपण मुके करू नये.